पटलेबाबांनी बागेला पाणी पाजलं

गोंदियाहून गोरेगावला येणाऱ्या एस.टी.त शेजारची बाई विचारते, "काय काम करता जी?" मी म्हणते, "द्राक्षाच्या बागेत असते." मग ती म्हणते, "इकडं कोठी आली द्राक्षाची बाग?" मी सांगते, चोरखमाऱ्याच्या कालव्याकडेला. त्यावर ती जरा सरकून बसते, आवाज खाली आणते आणि विचारते, "म्हणजे दारूची ना?"

हो, दारूची. आता मी लाजत नाही. पहिल्या वर्षी लाजायची. "वाइनची" म्हणून बघितलं, पण त्यानं काही फरक पडत नाही. आमच्या कामावरच्या शेवंताबाई म्हणतात, "मोहाची असली का दारू न द्राक्षाची असली का वाइन? नाव बदलल्यानं झिंग कमी होते का व?" शेवंताबाईंना उत्तर देता येत नाही, हे मी इथं आल्यावर पहिल्यांदा शिकले.

मी मूळची दिंडोरीकडची. सातवीत शाळा सुटली. आई आजारी पडली आणि बागेत विरळणीला एक हात कमी झाला, तो माझा लागला. विरळणी म्हणजे घडातले जास्तीचे मणी कात्रीनं काढून टाकायचे, म्हणजे राहिलेले नीट फुगतात. मुलींच्या बोटांना ते काम चांगलं जमतं असं म्हणतात. जमतं खरं, पण मुलींना दुसरंही काही जमलं असतं, ते कुणी बघत नाही. असो. छाटणी शिकले, बांधणी शिकले, लग्न झालं तेही बागेतच मजूर असलेल्या माणसाशी. नंतर तिकडं यंत्रं वाढली, मोठ्या बागांना मोठे ठेकेदार आले आणि आम्हा दोघांच्या हातात काम कमी राहू लागलं. तेवढ्यात गोंदियाच्या एका राइस मिलवाल्या सेठजींना द्राक्षबाग लावायचं वेड लागलं.

सेठजी नाशिकला कुणाच्या लग्नाला आले होते. तिथं त्यांनी बाग बघितली, वाइन चाखली आणि परत जाताना आमच्या ह्यांनाच विचारलं, "हमारे यहाँ चलोगे? एक ढलानवाली जमीन आहे माझी. धान होत नाही तिच्यात. पानीच ठरत नाही." ज्या जमिनीत पाणी ठरत नाही म्हणून धान होत नाही, तसलीच जमीन द्राक्षाला लागते. आम्ही दोघं दोन पेट्या घेऊन आलो आणि बाग लावली. राहायला बागेतच दोन खोल्या मिळाल्या. आजूबाजूला नजर पोचेल तिथवर धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भाताची शेतं, आणि मधोमध तारेवर चढवलेल्या आमच्या वेली. वेली तारेवर चढल्या तेव्हा मला वाटलं, लग्नघरात चुकून शिरलेल्या परक्या माणसासारखी आपली बाग उभी आहे. आणि आपणही.

ज्यांनी बाग बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. उन्हाळ्यात होते ती खरड छाटणी. माल निघाला की सगळ्या काड्या खोडाशी कापायच्या, मग नवीन फुटतात. पावसाळाभर त्या काड्या पोसायच्या. पाऊस सरला की गोड छाटणी, त्यानंतर जी फूट येते तिला घड लागतात. थंडीत घड भरतात, होळीच्या आगेमागे तोडणी. खायचं द्राक्ष मोठं, पातळ सालीचं. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं आणि बियाळ. गोरेगावच्या बाजारात विकायला न्यायचं म्हणून एका भाजीवालीनं एकदा चाखून बघितलं आणि माझ्यासमोरच थुंकली. "हे तं पाखरायच्या कामाचे," म्हणाली. पाखरांचंही तेच मत होतं. पहिल्या वर्षीचं अर्धं पीक पोपटांनी नेलं.

लोक यायचे ते काही द्राक्षासाठी यायचे नाहीत. एका रविवारी गोंदियाहून चार निवृत्त साहेबलोक मोटरसायकलींवर आले. टोप्या, काळे चष्मे. त्यातल्या एकानं विचारलं, "टेस्टिंग किधर होती है?" मी म्हटलं, इथं फक्त वेली आहेत साहेब, वाइन नागपूरच्या पलीकडं एका लहान वायनरीत होते, आमचा माल तिथं जातो. त्यांचे चेहरे असे उतरले की मला वाईट वाटलं. लिंबाचा काळा चहा दिला. तो त्यांनी कपाची दांडी दोन बोटांत धरून, हलवून, वास घेऊन प्यायला. जाताना एक वाइनच्या भाषेत म्हणाले, "बॉडी अच्छी थी."

पावसाळा म्हणजे माझा जीव मुठीत. नाशिककडं पाऊस पडतो, पण इथल्यासारखा बसून राहत नाही. पान ओलं राहिलं की डावणी येते. पानावर तेल सांडल्यासारखे डाग पडतात, खालून पांढरी बुरशी, आणि बघता बघता वेल उघडीबोडकी. हे पाठीवर पंप घेऊन पाऊस उघडायची वाट बघायचे आणि मी पानं उलटी करकरून बघायची. पहिल्या पोळ्याला मी फार खचले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातून आरोळ्या ऐकू आल्या. मारबत, म्हणजे कागदा-बांबूची मोठी बाहुली, निघाली होती. गावातली सगळी रोगराई तिच्यासोबत शिवेबाहेर घालवायची, ही इकडची रीत. पोरंसोरं, बायामाणसं ओरडत चालली होती, "खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत!" बागेच्या फाटकाशी आल्यावर शेवंताबाईंनी मला बघितलं आणि सगळ्यांवर आवाज चढवून ओरडल्या, "डावनी-भुरी घेऊन जाय गे मारबत!" मागची अख्खी मिरवणूक तेच ओरडू लागली. डावणी-भुरी हे वेलींचे रोग कशाशी खातात ते त्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं. मी फाटकाला धरून उभी होते. हसू येत होतं आणि डोळे भरत होते. त्या वर्षी डावणी थोडक्यात आटोपली. मारबतीनं नेली की फवारणीनं, ते मी ठरवत बसले नाही. दोघींचेही उपकार मानले.

गोड छाटणीची अडचण वेगळीच. ती नेमकी धान कापणीच्या तोंडावर येते. हलका, म्हणजे लवकर येणारा, धान पिकला की इथली बाई दुसऱ्याच्या कामाला येत नाही, आणि तिनं का यावं? मी दारोदार फिरले. शेवटी शेवंताबाईंनी तोडगा काढला. सकाळी दव असतं, ओला धान कापता येत नाही, तेवढ्या वेळात त्या बागेत येतील. ऊन चढलं की बांधीत जातील. मी छाटणीची कात्री कशी धरायची ते शिकवलं, त्या आठवड्याभरात माझ्यापुढं गेल्या. धानाच्या रोवणीत, म्हणजे लावणीत, ओळ धरून चालायची सवय असलेल्या बायका त्या. वेलीची ओळसुद्धा त्यांनी तशीच धरली, एकीनंही मागं राहायचं नाही.

छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यांना एक औषध लावतात, त्यानं सगळे डोळे एकदम फुटतात. हे औषध हातमोजे घालून लावायचं, आणि ज्या दिवशी लावलं त्या दिवशी आणि पुढंही काही दिवस दारूला शिवायचं नाही. औषध आणि दारू अंगात एकत्र आली की माणूस तापतो, लाल होतो, छाती धडधडते. ज्या बागेची दारू होणार त्या बागेत काम करणाऱ्यानं दारू घ्यायची नाही, हे मी सांगितलं तेव्हा सगळ्यांना मी थट्टा करते असं वाटलं. दशरथ नावाचा गडी होता, कामाला वाघ. तो संध्याकाळी घरी जाऊन नेहमीसारखी मोहाची थोडी घेऊन बसला. त्याची बायको धावत आली, "बाई, हा तं टमाटर झाला!" त्याला गोरेगावच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरांना औषधाची बाटली दाखवली. उतरला सकाळपर्यंत. तेव्हापासून दशरथ सगळ्या नवीन माणसांना माझ्याआधी दम देतो, "बाई सांगते ते आईक गा. मी मरून आलो आहो."

आता जे सांगायचं म्हणून हे लिहायला घेतलं, ते सांगते.

पहिलं अर्धं पीक पोपटांनी नेलं म्हणून सांगितलंच. दुसऱ्या वर्षी घड पाणी धरायला लागले आणि गारा पडल्या. तिसऱ्या वर्षी संक्रांतीनंतर सेठजी आले, बांधावर उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "ताई, नाराज होऊ नका. इस साल वायनरीने माल उठा लिया तो बाग ठेवू. नाही तर एप्रिलमध्ये ट्रॅक्टर लावतो. इथं गोदाम बांधून टाकतो." त्यांचंही चूक नव्हतं. तीन वर्षं माणूस किती थांबणार? पण बाग गेली की आमच्या दोन खोल्याही जाणार होत्या. परत जायचं तर दिंडोरीला आमचं काही उरलं नव्हतं. आई गेली, घर भावानं वाटून घेतलं. ह्यांनी फवारणीचा पंप धुवायला घेतला. मी मात्र त्या दिवसापासून रोज सकाळी वेलींमधून जाताना देवाचं नाव घ्यायच्या ऐवजी "या वर्षी राहा" एवढंच म्हणत होते.

आणि वेलींनी ऐकलं. काय घड भरले! काळे, घट्ट, वर पांढरट लव. गारा नाहीत, पोपटांसाठी जाळी. फेब्रुवारी उतरणीला लागला तसं आम्ही ठिबक बंद केलं. वाइनच्या द्राक्षाला शेवटी पाणी तोडतात. वेल तहानली की घडात पाणी ओतणं थांबवते, मणी लहान राहतो, रस घट्ट होतो, साखर चढते. त्याच वेळी जर पाणी मिळालं, तर मणी फुगतो, रस पातळ होतो, घट्ट घडात मण्याला मणी दाबून साल फुटते आणि कूज शिरते. म्हणून पाणी बंद. पानं दुपारी मलूल व्हायची, खालची पिवळी पडायची. मला ते बघून बरं वाटायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला वाईट वाटायचं.

सगळ्यात वाईट वाटायचं पटलेबाबांना. पटलेबाबांच्या बांध्या आमच्या बागेला लागून, कालव्याच्या बाजूला. उन्हाळी धान असतो त्यांचा. सत्तरी ओलांडलेले, पण फावडं हातातलं सुटलं नाही. आम्ही नवीन होतो तेव्हा घरचा तांदूळ पहिला त्यांनी आणून दिला होता. मला "नाशिकवाली" म्हणायचे. रोज धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून विचारायचे,

"नाशिकवाली, येल सुकून रायले. पानी काऊन बंद केलीस?"

"साखर चढायला, बाबा."

"साखर? आमच्या बुढीले डाक्टर साखर उतरव म्हनते, न तू चढवून रायली?"

"द्राक्षाला चढलेली चांगली असते."

"असंल बापा," म्हणायचे आणि वेलींकडं असं बघायचे, जसं खुंट्याला बांधलेल्या उपाशी बैलाकडं बघावं.

तोडणी तोंडावर आली. वायनरीचे साहेब माल तपासायला कधी येणार तो दिवस ठरला. आम्ही दोघं क्रेट आणि नव्या कात्र्या आणायला गोंदियाला गेलो. क्रेट टेम्पोत चढवून दिली आणि दुपारच्या एस.टी.नं परत आलो. फाट्यावरून बागेकडं वळलो तर हे थांबले. म्हणाले, "अगं, ओळींमध्ये काय चमकतंय?"

पाणी चमकत होतं.

कालव्याकडच्या बाजूनं पटलेबाबांची चारी फोडून आमच्या बागेत वळवलेली. जमीन उताराची, पाणी वाहून जायचं, म्हणून प्रत्येक ओळीच्या खालच्या तोंडाशी मातीचे छोटे धुरे घातलेले, अगदी बांधीला घालतात तसे, थापून, साफ. वरच्या ओळी तुडुंब. आणि मधोमध पायजमा गुडघ्याच्या वर खोचून, फावड्यावर हात ठेवून पटलेबाबा उभे. मला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"ये व नाशिकवाली, ये! तुया येलायले पानी पाजलो!"

माझ्या हातातल्या कात्र्यांची पिशवी खाली पडली. हे तिथंच मातीत बसले.

"आज माया नंबर होता," बाबा सांगत होते. "बुढीले म्हटलो, आपला धान आठ दिवस तग धरते, पन हे बिचारे येल मरून रायले. परदेसी पोरगी आहे, तिले कोन पानी देईल? म्हनून अख्खा नंबर इकडं फिरवलो."

कालव्याच्या पाण्याची पाळी म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. दुसऱ्याच्या पाळीतलं पाणी चोरलं म्हणून इथं भावाभावांत फावडी चालतात. त्या पाण्याची अख्खी पाळी ह्या माणसानं स्वतःचा धान कोरडा ठेवून मला दिली होती. आणि त्यानंच माझी बाग बुडत होती. रडावं तर त्यांना वाटणार, पोरगी उपकारानं रडते.

तोडणीची क्रेट उतरवायला आलेल्या शेवंताबाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या. त्यांना काहीतरी चुकलंय एवढं कळलं. "काय झालं व? काऊन पांढरी पडलीस?"

मी कसंबसं विचारलं, "बाबा, धान कापायच्या आधी बांधीत पाणी ठेवता का हो?"

"ठेवते कोन? धान पिवरा पडला का बांधी फोडाची. नाही तं धान पडते, सडते."

"हे घड पिकलेत बाबा. परवा कापायचे."

बाबांनी माझ्याकडं बघितलं. मग वेलीकडं. मग पायाखालच्या पाण्याकडं. फावड्यावरचा हात सुटला. त्यांच्या तोंडातून एवढंच निघालं, "अरे बाप."

मग मात्र त्या माणसानं एक क्षण घालवला नाही. वळले आणि कालव्याकडं धावले. सत्तरीचा माणूस धावत होता. चारीचं तोंड बुजवलं आणि तिथूनच हाका मारायला सुरुवात केली. आजूबाजूच्या बांध्यांतून माणसं फावडी घेऊन आली. दशरथ आला, त्याची बायको आली. "काय झालं? आग लागली का?" "आग नाही गा, पानी लागला! फोडा धुरे!" त्यांनी स्वतःच घातलेले ते सुंदर धुरे बाबा सगळ्यांच्या पुढं होऊन फोडत होते. पाणी अडवायचं कसं हे ज्यांना कळतं त्यांनाच ते काढायचं कसं हे कळतं. कुणाला काही सांगावं लागलं नाही. दोन ओळींमध्ये एक चर, सगळे चर खाली एकाला जोडलेले. ऊन कलायच्या आत पाणी उताराला लागलं आणि खाली निघालं.

खाली शेवंताबाईंची बांधी. तिथं ते जाऊन भरलं. दशरथ म्हणाला, "पाहा, नंबर पटलेबाबाचा, मेहनत आमची, न धान पिकन शेवंताबाईचा." शेवंताबाई चिखलात उभ्या राहून म्हणाल्या, "मंग काय मी पानी परत पाठवू का रे, मेल्या?" सगळे हसले, पण त्या हसण्यात पटलेबाबा नव्हते. ते चराच्या कडेला बसले होते आणि मातीचा गोळा हातात चुरत होते.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. साहेबांना फोन केला, काय झालं ते सांगितलं, आठवडाभर थांबा म्हणून विनवलं. ते थांबले. आमच्याजवळ साखर बघायची एक नळी असते. काचेवर रसाचा थेंब टाकायचा, उन्हाकडं धरून एका डोळ्यानं बघायचं, आत रेघ दिसते. त्या नळीतली रेघ रोज थोडी खाली बसत होती. मग थांबली. घडांच्या पोटातले मणी फुटायला लागले होते. शेवंताबाईंनी सगळ्या बायकांना बोलावलं आणि आम्ही एकेका घडातला फुटका मणी कात्रीनं काढत बसलो. लहानपणी शाळा सोडून जे काम हाती आलं होतं, तेच पुन्हा माझ्या हातात आलं. पण या वेळी मला ते काम नकोसं वाटलं नाही. रोज संध्याकाळी पटलेबाबा धुऱ्यावर यायचे, काही विचारायचे नाहीत, बघून जायचे. रेघ परत वर सरकू लागली, पण हळू. जिथवर जायला हवी होती तिथवर ती पोचली नाही.

साहेब आले त्या दिवशी सेठजीही आले. आणि न बोलावता, धुतलेला पायजमा आणि टोपी घालून पटलेबाबा आले. मी त्यांना सांगितलं होतं, येऊ नका बाबा. ते ऐकणारे नव्हते.

सेठजींनी ओळींतले चर बघितले. "ये क्या है ताई? पानी किसने छोडा?"

मी म्हटलं, "सेठजी, बाग आमच्याकडं आहे. जबाबदारी आमची."

"तुमची कायची?" मागून बाबा बोलले. "सेठ, पानी माया नंबरचा, फावडा माया, हात माये. हिले माहीतच नोहतं. बोलाचं असन तं माह्याशी बोला."

"आपने क्यूँ छोडा, बाबा?"

"कायले म्हनजे? तहानलेलं दिसलं म्हनून. तुमच्या मिलच्या दारात कोनी तहानलेला उभा रायला तं तुम्ही आधी इचारता का, बाबा तुले साखर आहे का?"

वायनरीचे साहेब तोवर ओळीत शिरले होते. पन्नाशीचे, अंगानं बारीक, बोलायला आणखी बारीक. नळीतून त्यांनी फक्त एकदा बघितलं आणि ती खिशात टाकली. मग मणी तोडून खाऊ लागले. एका ओळीतला, दुसऱ्या ओळीतला. चावायचे, बिया तळहातावर थुंकायचे, त्यांचा रंग बघायचे. बी हिरवट असली तर द्राक्ष कच्चं, तपकिरी झाली तर आतून पिकलं. साल दाताखाली बराच वेळ चघळायचे. आम्ही सगळे त्यांच्या मागं मागं. मी, हे, सेठजी, पटलेबाबा, दशरथ, शेवंताबाई आणि बायका. साहेब थांबले की सगळी रांग थांबायची.

शेवटच्या ओळीशी त्यांनी हात झटकले.

"लाल वाइन होणार नाही याची," ते म्हणाले.

ह्यांनी माझा दंड धरला.

"रस पातळ आहे, अंग कमी पडेल. पण बी पिकलीय. आंबटपणा छान राहिलाय. कूज तुम्ही आत शिरू दिली नाही. गुलाबी होईल. साल थोडाच वेळ रसात ठेवायची, मग काढून टाकायची. मला या वर्षी गुलाबीला माल हवाच आहे. उद्यापासून तोडा, पहाटे, गारव्यात."

सेठजींना ते पटकन उमगलं नाही. "गुलाबी मतलब? शरबत?"

"वाइनच, सेठजी. फक्त रंग गुलाबी."

"और माल?"

"माल सगळा उचलतो."

सेठजींनी टोपी काढून डोकं पुसलं. माझ्याकडं बघितलं, पटलेबाबांकडं बघितलं, आणि म्हणाले, "ठीक है. ट्रॅक्टरवाल्याला सांगतो, येऊ नको." एवढंच. मी चराच्या कडेला खाली बसले, तिथंच, सगळ्यांसमोर. शेवंताबाईंनी डोक्यावर हात ठेवला, "ऊठ व माय. आता काऊन रडतेस? रडाचे दिवस गेले." पटलेबाबा तोवर निघून गेले होते. जाताना कुणाला दिसले नाहीत.

लाल व्हायची राहिली याची चुटपुट मला आहेच. तशी द्राक्षं पुन्हा होतील की नाही, कोण सांगणार? त्या काळ्या घडांचं जे व्हायचं होतं ते झालं नाही, आणि गुलाबी किती चांगली झाली हे सांगायला मी ती चाखलेली नाही. साहेबांनी एक बाटली पाठवली होती, ती सेठजींनी मिलच्या ऑफिसात काचेच्या कपाटात ठेवली आहे. तीन वर्षं ज्या माणसानं बागेकडं हिशेबाच्या नजरेनं बघितलं, तो आता येणाऱ्याला ती दाखवतो म्हणे.

तोडणी झाली, माल गेला. जाळी काढली, खरड छाटणी झाली. सगळी बाग खोडाशी आली. नुसते बुंधे आणि तारा, आणि कापलेल्या टोकांतून थेंब थेंब रस. एप्रिलचं ऊन डोक्यावर. महिनाभर पटलेबाबा आमच्या बाजूच्या धुऱ्यावर फिरकले नव्हते. पाणी सोडायचं असलं तरी पलीकडून वळसा घालून कालव्यावर जायचे. मी दोनदा त्यांच्या घरी जाऊन आले. बुढी चहा द्यायची, बाबा मागच्या दारानं बाहेर.

मग एका सकाळी कालव्याचं पाणी आलं. त्यांचा नंबर होता. मीच फावडं घेऊन धुऱ्यावर जाऊन उभी राहिले. त्यांनी मला लांबून बघितलं आणि जागीच थांबले.

मी हाक मारली, "बाबा, पाणी द्या."

"कोनाले?"

"वेलींना."

"थट्टा करतेस का व?"

"नाही बाबा. छाटल्यावर वेलींना पाणी लागतं. भरपूर लागतं. आता तहानल्यात त्या खऱ्या. ठिबकानं दिलंय, पण पहिलं पाणी भरून दिलेलं बरं."

ते जवळ आले. बुंध्यांवरून हात फिरवला. कापल्या टोकाचा थेंब बोटावर घेतला, बघितला. "पक्का ना? इचार करून सांग. मागून तोंड पांढरं करशील."

"पक्कं. पण सगळं नको. अर्धा नंबर. तुमचा धान आहे."

"धानाचा मी पाहातो," ते म्हणाले आणि चारीत उतरले. पहिलं ढेकूळ काढलं तसं पाणी वळलं, जरा थबकलं आणि ओळीत शिरलं. बाबा प्रत्येक ओळीपुढं थांबून मला विचारत होते, "इथं? एवढा पुरं?" आणि मी "अजून" म्हणत होते. "अजून" म्हटलं की त्यांचं तोंड लहान पोरासारखं व्हायचं.

खालच्या बांधीतून शेवंताबाई कंबरेवर हात ठेवून ओरडल्या, "सोडा जी बाबा, सोडा! न उरलं तं खाली येऊ द्या, आमी नाही म्हनत नाही!"